ठराव, दावा आणि तळें

कायदेमंडळांतील ठराव पाणवठ्यापर्यंत पोंचण्यास किती काळ लागतो, हें महाडच्या चवदार तळ्यानें दाखवून दिलें. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावे, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळानें १९२३ सालीं संमत केला. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं त्यास दुजोरा दिला. पाणी मात्र बंदच राहिलें. बॅरिस्टर व कायदेमंडळाचे सभासद डॉ. आंबेडकर यांनीं २० मार्च १९२७ रोजीं अनुयायांसह तें प्राशन केलें. डिसेंबरांत सवर्णांनीं दावा लावून मनाईहुकूम मिळविला. हजारों सत्याग्रही जमले असतांही डॉक्टरांनीं तो मोडला नाहीं. न्यायासनापुढेंच लढा दिला. १७ मार्च १९३७ रोजीं हायकोर्टानें वादींची पुरातन वहिवाट अमान्य केली. त्याच वर्षीं त्यांनीं विधानसभेंत खोती रद्द करण्याचें बिल आणलें. महाड-पोलादपूरच्या डोंगरी मुलखांतील कुळांचा प्रश्न त्यांत होता. खोती गेली ती मात्र १९४९ च्या कायद्यानें.

कायदा करणें आणि तो पदरांत पाडणें, हीं दोन्हीं कामें त्यांनीं एकाच निष्ठेनें केलीं. ओंजळभर पाण्याच्या हक्कास जवळजवळ चौदा वर्षें लागलीं, हें आम्हीं आपल्या मुलांस अवश्य सांगावें.