पलटण हलली, पेला उरला

जुन्या घरातल्या डब्यात अजून एखादा राणीछाप रुपया सापडतो. तो तराजूत टाकला की बरोबर एक तोळा भरायचा, कारण त्याचं वजनच तसं बेतलेलं होतं. बारा भागांत अकरा भाग चांदी आणि एक भाग हीण. असे २७० रुपये, म्हणजे तीन किलोंहून थोडा जास्त ऐवज, १८७८ च्या सुमारास कलकत्त्यात मुशीत गेले असं सांगतात. ते कुणा सावकाराचे नव्हते. रग्बी खेळणाऱ्या इंग्रजांचा एक क्लब गाशा गुंडाळत होता आणि बँकेतली शिल्लक त्याने वितळवायला काढली होती.

या क्लबची सुरुवात १८७२ च्या नाताळातली. लंडनमध्ये रग्बी फुटबॉल युनियन स्थापन होऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना २७ मार्च १८७१ रोजी एडिंबरामध्ये झाला होता. कलकत्त्यात नाताळच्या दिवशी जमलेल्या गोऱ्यांनी आपली आपल्यातच फाळणी केली: एका बाजूला इंग्लंडचे वीस, समोर स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स मिळून वीस. आज रग्बीत एका बाजूला पंधरा खेळाडू असतात, तेव्हा वीस असत. चेंडूपेक्षा माणसांचा घोळकाच जास्त दिसे. दहीहंडीच्या सर्वांत खालच्या थराची रेटारेटी आठवावी, फक्त इथे समोरूनही तितकाच रेटा. लोकांना ते इतकं भावलं की आठवड्याच्या आत सामना पुन्हा झाला. जानेवारी १८७३ मध्ये ‘कलकत्ता फुटबॉल क्लब’ उभा राहिला आणि १८७४ मध्ये तो लंडनच्या युनियनचा सभासदही झाला.

क्लबच्या नावात सैन्य नव्हतं, पण अंगात होतं. गोरे व्यापारी आणि नोकरदार सभासद होते खरे, पण धडधाकट, रिकामटेकडे आणि हुकमी खेळाडू पुरवायचे ते छावणीनेच. त्या काळी बंगालमध्ये मुक्कामाला असलेल्या पलटणींपैकी एक ‘बफ्स’, म्हणजे ईस्ट केंट रेजिमेंट. गणवेशाच्या पिवळट बदामी रंगावरून पडलेलं हे नाव. या पलटणीत रग्बीचं वेड होतं.

पण पलटणीच्या भरवशावर उभारलेला क्लब म्हणजे भाड्याच्या जागेतला संसार. याच सुमारास युद्धमंत्री कार्डवेल यांनी ब्रिटिश पायदळाची नवी घडी बसवली होती: एका रेजिमेंटच्या दोन बटालियन, त्यांतली एक मायदेशी आणि दुसरी समुद्रापार. म्हणजे बदली हा अपवाद नव्हे, नियमच. त्यात लढाईचं बोलावणं केव्हाही येई. १८७५ च्या नोव्हेंबरात मलायातल्या पेराकमध्ये ब्रिटिश रेसिडेंट बर्च मारला गेला आणि तिथल्या मोहिमेवर बफ्सना धाडण्यात आलं. अशा वेळी सामना ठरलेला आहे हे कारण कुठल्या सेनापतीला सांगणार?

कलकत्त्याच्या क्लबला नेमकं हेच भोवलं. एक पलटण हलली आणि खेळाडूंचा तुटवडा पडला. हवाही साथ देईना. चार थंडीचे महिने सोडले तर त्या दमट उष्म्यात दीड तास धक्काबुक्की करायला दम हवा. पोलो मात्र इथल्याच मातीतला, मणिपूरचा. घोडे बाळगणाऱ्या अधिकाऱ्यांना तो चटकन मानवला आणि कलकत्त्यात १८६२ मध्येच पोलो क्लब निघाला होता. टेनिसचा नवा डावही नुकताच विलायतेहून येत होता. त्याचा प्रसार करणारा विंगफील्डदेखील लष्करातला मेजरच. म्हणजे रग्बीला रसद पुरवणाऱ्या लष्करानेच त्याला स्पर्धकही पुरवले. आणि शेवटचा घाव बसला तो खजिन्यावर. सुरुवातीला सभासदांना दारू फुकट मिळे. ती सवलत बंद होताच सभासदांची संख्या झरझर उतरली. खेळावरचं प्रेम किती आणि पेल्यावरचं किती, याचा एवढा चोख हिशेब क्वचितच कुठे लागला असेल.

अखेर क्लब मोडायचं ठरलं. कर्णधार, चिटणीस आणि खजिनदार या तिन्ही खुर्च्यांवर तेव्हा जेम्स रॉथनी हा एकच माणूस होता. यावरूनच क्लबची अवस्था कळते. शिल्लक वाटून घेतली असती तर माणशी किरकोळ रक्कम हाती आली असती. एखादी जंगी मेजवानी झोडता आली असती. रॉथनींनी लंडनला पत्र लिहून कायमस्वरूपी चषक देऊ केला. चांदीचा भाव तेव्हा घसरणीला लागला होता. जर्मनीसारखे देश सोन्याकडे वळल्यामुळे रुपयाची विलायतेतली किंमत वर्षागणिक उतरत होती. या घसरणीची उकल पुढे डॉ. आंबेडकरांनी १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या प्रबंधात केली. चलन म्हणून उतरत चाललेली ती चांदी चषक होऊन मात्र अमोल ठरली.

चषक हिंदुस्थानी कारागिरीचा आहे: सुमारे दीड फूट उंच, अंगावर नाजूक कोरीवकाम, तीन बाजूंना फणा काढलेल्या नागांच्या मुठी आणि झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांनी दरवर्षी त्यासाठी खेळावं असं ठरलं. १० मार्च १८७९ रोजी एडिंबराच्या रेबर्न प्लेस मैदानावर पहिला सामना झाला आणि तो बरोबरीत सुटला. दुसऱ्या वर्षी मँचेस्टरला इंग्लंडने बाजी मारली. तेव्हापासून अधूनमधून पडलेले खंड वगळता ही झुंज चालू आहे. आंतरराष्ट्रीय रग्बीतला सर्वांत जुना चषक तो हाच. १९८८ मध्ये मात्र त्याच्यावर भलताच प्रसंग ओढवला. सामन्यानंतर नशेत असलेल्या डीन रिचर्ड्स आणि जॉन जेफ्री या दोन प्रतिस्पर्ध्यांनी एडिंबराच्या प्रिन्सेस स्ट्रीटवर चेंडूऐवजी चषकच खेळायला घेतला. तो चेपला, दोघांवर बंदी आली, चषकाची डागडुजी झाली. दारूपायी विरलेल्या क्लबची निशाणी दारूपायीच चेपली गेली, हा योगायोग.

कलकत्त्यात रग्बी १८८४ मध्ये पुन्हा सुरू झाली. मुंबईत १८७५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्यावरही हा खेळ रुजला, आणि तिथे तो चक्क पावसाळ्याचा खेळ झाला. कलकत्त्याच्या उन्हाने ज्याला पळवलं, त्याला मुंबईच्या चिखलाने थारा दिला. कडक जमिनीवर आपटण्यापेक्षा चिखलात लोळणं बरं, एवढा साधा हिशेब. पुढे अखिल भारतीय स्पर्धांमध्ये गोऱ्या पलटणींचे संघ उतरत राहिले.

२८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फंट्री गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीखालून बोटीकडे गेली. ती हिंदुस्थानातून परतणारी शेवटची ब्रिटिश पलटण. कलकत्त्याचा दाखला खरा मानायचा तर त्या दिवशी रग्बीही बोटीवर चढायला हवी होती. तशी ती चढली नाही. जिथे एके काळी आपल्या माणसाला सभासदत्व मिळत नव्हतं, त्याच जिमखान्यावर देशी पोरं खेळू लागली. १९९८ मध्ये भारताचा राष्ट्रीय संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला आणि अभिनेता राहुल बोस त्यात होता. भारतीय लष्कराचाही संघ आज देशी स्पर्धांत उतरतो. बदलीच्या माणसांनी आणलेला खेळ इथेच राहणाऱ्यांनी हाती घेतला, तेव्हा कुठे त्याचा मुक्काम पक्का झाला.

जुलैच्या एखाद्या संध्याकाळी आझाद मैदानाच्या कडेने जाताना जिमखान्याकडे नजर टाकावी. चिखलाने माखलेल्या त्या गर्दीत कोण कुठल्या बाजूचा हे ओळखता येत नाही. त्यांतल्या कुणाला उद्या पेराकला जायचं नसतं. फार तर चर्चगेटहून शेवटची लोकल गाठायची असते.