टाइट एंड खेळाडूंची महाविद्यालयीन भरती

टाइट एंड खेळाडूंची महाविद्यालयीन भरती म्हणजे अमेरिकेतील विद्यापीठांच्या अमेरिकन फुटबॉल संघांसाठी टाइट एंड या जागेवर खेळू शकणारे विद्यार्थी शोधण्याची, त्यांची पारख करण्याची आणि शिष्यवृत्ती देऊन त्यांना संघात घेण्याची प्रक्रिया होय. ही प्रक्रिया 'रिक्रूटिंग' या नावाने ओळखली जाते. या लेखात फुटबॉल हा शब्द सर्वत्र अमेरिकन फुटबॉल या अर्थाने वापरला आहे. हायस्कूलमधील कामगिरीवरून टाइट एंडच्या भावी खेळाचा अंदाज बांधणे कठीण असते. त्यामुळे या जागेसाठी भरती करताना विद्यार्थी आज कसा खेळतो यापेक्षा तीन-चार वर्षांनी तो काय होऊ शकेल, याला अधिक महत्त्व दिले जाते.

== टाइट एंडची भूमिका ==

फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. आक्रमण करणाऱ्या संघाच्या आघाडीच्या रांगेत मधोमध पाच धिप्पाड खेळाडू उभे राहतात. प्रतिस्पर्ध्यांना अडवणे, म्हणजेच ब्लॉकिंग, हे त्यांचे काम असते व पुढे फेकलेला चेंडू झेलण्याची त्यांना सामान्यतः मुभा नसते. टाइट एंड याच रांगेला लागून, तिच्या टोकाला उभा राहतो. रांगेच्या टोकावरील खेळाडूस झेल घेण्याची परवानगी असल्यामुळे त्याच्यावर दुहेरी जबाबदारी येते. एका डावपेचात त्याला आपल्याहून वजनदार बचावपटूला अडवावे लागते, तर पुढच्याच डावपेचात वेगाने धावत जाऊन चेंडू झेलावा लागतो. तो नेमके काय करणार हे प्रतिस्पर्ध्याला आधी कळत नाही व त्यातच या जागेचे मोल आहे.

== ऐतिहासिक पार्श्वभूमी ==

पूर्वी टाइट एंडकडे मुख्यतः अडवणुकीचे काम असे. पिट्सबर्ग विद्यापीठातून आलेले माइक डिट्का यांनी १९६१ मध्ये शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाकडून पदार्पणाच्या हंगामातच १,०७६ यार्डांचे झेल घेतले आणि या जागेकडे पाहण्याची दृष्टी बदलली. १९८८ मध्ये प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळवणारे ते पहिले टाइट एंड ठरले. सिरॅक्यूज विद्यापीठाचे जॉन मॅकी यांच्या नावाने २००० पासून सर्वोत्तम महाविद्यालयीन टाइट एंडला पुरस्कार दिला जातो. जॉर्जिया विद्यापीठाचे ब्रॉक बाउअर्स यांनी तो २०२२ व २०२३ असा दोनदा पटकावला. हा मान दोनदा मिळवणारे ते पहिले खेळाडू होत.

== पारख करण्यातील अडचणी ==

अनेक हायस्कूल संघांच्या खेळात टाइट एंड ही जागाच नसते. ज्या संघांत ती असते, तेथे उंच व दणकट मुलाकडून बहुधा केवळ अडवणुकीचे काम करून घेतले जाते. त्याच्याकडे चेंडू क्वचितच फेकला जातो. महाविद्यालयीन टाइट एंडचे वजन सर्वसाधारणपणे ११० किलोग्रॅमच्या आसपास असते, तर सोळा-सतरा वर्षांचा उमेदवार त्याहून बराच हलका असू शकतो. त्याचे वजन वाढेल का आणि वाढल्यावर वेग टिकेल का, या प्रश्नांची उत्तरे त्या वयात मिळत नाहीत.

म्हणून प्रशिक्षक इतर जागांवर आणि इतर खेळांतही उमेदवार शोधतात. बास्केटबॉलमध्ये गर्दीत उडी घेऊन चेंडू पकडणे व शरीराने प्रतिस्पर्ध्याला दूर ठेवणे ही कौशल्ये लागतात आणि ती टाइट एंडलाही उपयोगी पडतात. टोनी गोन्झालेझ हे कॅलिफोर्निया विद्यापीठात दोन्ही खेळ खेळले. अँटोनियो गेट्स यांना प्रथम मिशिगन स्टेट विद्यापीठाने फुटबॉलसाठी घेतले होते. परंतु बास्केटबॉलही खेळण्याची इच्छा असल्याने ते तेथून बाहेर पडले. पुढे केंट स्टेट विद्यापीठात ते केवळ बास्केटबॉल खेळले. महाविद्यालयीन फुटबॉलचा एकही सामना न खेळता ते २००३ मध्ये व्यावसायिक फुटबॉलमध्ये आले आणि २०२५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाले.

क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा सूत्रधार, या जागेवरूनही टाइट एंड घडतात. ट्रॅव्हिस केल्सी हे सिनसिनाटी विद्यापीठात क्वार्टरबॅक म्हणून आले होते. याउलट, काही टाइट एंड वजन वाढल्यावर आघाडीच्या रांगेत जातात. आर्कान्सा विद्यापीठात टाइट एंड असलेले जेसन पीटर्स व्यावसायिक फुटबॉलमध्ये टॅकल या जागेवर खेळून नामवंत झाले. त्यामुळे उंच, चपळ मुलाला घेताना तो टाइट एंड म्हणून यशस्वी झाला नाही तरी दुसऱ्या जागेवर उपयोगी पडेल, असाही हिशेब मांडला जातो.

== प्रक्रिया व नियम ==

भरतीचे नियम नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन अर्थात एनसीएए ही संस्था ठरवते. वर्षाचे विविध कालखंड पाडलेले असतात. काही काळात प्रशिक्षक शाळेत जाऊन विद्यार्थ्याला व पालकांना भेटू शकतात, काही काळात केवळ त्याचा खेळ पाहू शकतात, तर काही काळात प्रत्यक्ष भेटीस पूर्ण मनाई असते. विद्यापीठाच्या खर्चाने होणाऱ्या भेटीत विद्यार्थी वसतिगृह, वर्ग व सरावाची व्यवस्था पाहतो. सर्वोच्च विभागात प्रवेशासाठी हायस्कूलमधील १६ मूलभूत विषयांचे अभ्यासक्रम पूर्ण करून किमान गुण मिळवावे लागतात.

करारावर स्वाक्षरी करण्याचा पारंपरिक दिवस फेब्रुवारीतील पहिला बुधवार होता. २०१७ पासून डिसेंबरमध्येही स्वाक्षरीची मुभा मिळाली आणि बहुतेक नामांकित उमेदवार त्याच वेळी करार करू लागले. सर्वोच्च विभागातील संघांना अनेक वर्षे ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी तिच्या जागी १०५ खेळाडूंची संघमर्यादा आली. इतक्या जागांतून टाइट एंडच्या वाट्याला दरवर्षी साधारणतः एक किंवा दोनच जागा येतात. त्यामुळे निवड चुकल्यास तिचे परिणाम संघाला पुढील काही हंगाम भोगावे लागतात.

== आयोवा विद्यापीठाचे उदाहरण ==

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील आयोवा राज्याची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे ३२ लाख आहे. स्थानिक खेळाडूंची संख्या मर्यादित असूनही तेथील आयोवा विद्यापीठ टाइट एंड घडवण्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. १९९९ पासून मुख्य प्रशिक्षक असलेले कर्क फेरेन्झ यांच्या खेळपद्धतीत एकाच वेळी दोन टाइट एंड वापरले जाणे नित्याचे आहे. भरतीच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची ठरते, कारण आपल्या जागेला संघात खरोखर काम आहे, याची उमेदवाराला खात्री पटते.

डॅलस क्लार्क हे आयोवात शिष्यवृत्तीविना, बचावपटू म्हणून आले होते. टाइट एंड झाल्यावर त्यांनी २००२ चा मॅकी पुरस्कार मिळवला. जॉर्ज किटल यांनी संपूर्ण महाविद्यालयीन कारकिर्दीत अवघे ४८ झेल घेतले व २०१७ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांकडून होणाऱ्या वार्षिक निवडीत, ते पाचव्या फेरीत निवडले गेले. तरीही २०१८ च्या हंगामात त्यांनी १,३७७ यार्डांचा टप्पा गाठून टाइट एंडसाठी तत्कालीन विक्रम केला. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये टी. जे. हॉकेन्सन व नोआ फँट हे आयोवाचे दोन टाइट एंड पहिल्याच फेरीत निवडले गेले. एकाच विद्यापीठाच्या दोन टाइट एंडबाबत असे पूर्वी कधी घडले नव्हते.

== विद्यापीठ बदलण्याची मुभा व मानधन ==

ऑक्टोबर २०१८ मध्ये 'ट्रान्सफर पोर्टल' ही नोंदवही सुरू झाली आणि विद्यापीठ बदलू इच्छिणारे खेळाडू तीत नाव नोंदवू लागले. २०२१ पासून एकदा, तर २०२४ पासून शैक्षणिक अटी पूर्ण केल्यास कितीही वेळा विद्यापीठ बदलून लगेच खेळता येते. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव व छबी यांच्या वापरातून उत्पन्न मिळवता येऊ लागले. २०२५-२६ पासून तडजोड स्वीकारलेली विद्यापीठे सर्व खेळांतील खेळाडूंना मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम थेट देऊ शकतात.

या बदलांचा परिणाम टाइट एंडच्या जागेवर ठळकपणे दिसतो. घडण्यास वेळ लागणाऱ्या मुलाला दोन-तीन वर्षे सांभाळण्यापेक्षा अन्यत्र घडलेला खेळाडू घेणे श्रीमंत विद्यापीठांना सोयीचे वाटू शकते. अशा वेळी संधीची वाट पाहत थांबलेल्या विद्यार्थ्याची जागा नवागताकडे जाते. दुसरीकडे, हीच मुभा खेळाडूला नवी वाटही देते. क्वार्टरबॅक म्हणून टेक्सस ए अँड एम विद्यापीठात आलेले इलाय स्टोअर्स न्यू मेक्सिको स्टेटमार्गे व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेले व तेथे टाइट एंड म्हणून नावारूपास आले. कमी चर्चेतील संघातूनही यश मिळू शकते. २०२४ मध्ये बोलिंग ग्रीन स्टेट विद्यापीठाच्या हॅरॉल्ड फॅनिन यांनी एकाच हंगामात ११७ झेल व १,५५५ यार्ड अशी कामगिरी केली.

== विद्यार्थ्याच्या दृष्टीने ==

महाविद्यालयीन खेळाडूंपैकी फारच थोडे व्यावसायिक होतात. म्हणून बहुसंख्य विद्यार्थ्यांसाठी या भरतीतून मिळणारी खरी प्राप्ती म्हणजे पदवीपर्यंतचे शिक्षण. विद्यापीठ निवडताना संघ टाइट एंडचा किती वापर करतो, त्या जागेवर आधीपासून किती खेळाडू आहेत, पहिल्या वर्षी न खेळवता शरीर घडवण्यास वेळ दिला जाईल का आणि जागा बदलावी लागल्यास शिष्यवृत्ती कायम राहील का, हे प्रश्न त्यामुळे महत्त्वाचे ठरतात. २०१८ पासूनच्या नियमानुसार चार सामन्यांपर्यंत खेळूनही नवोदिताचे ते वर्ष पात्रतेतून वजा होत नाही. सावकाश घडणाऱ्या टाइट एंडला ही तरतूद विशेष उपकारक आहे.