बदक दिसलं की ती वाकली?

हे इंग्रजी वाक्य मोठ्यानं वाचा बरं: 'आय सॉ हर डक.' अर्थ? 'मला तिचं बदक दिसलं.' अगदी बरोबर! पण 'डक' म्हणजे मार चुकवायला झटकन खाली वाकणंसुद्धा. म्हणजे 'मी तिला झटकन वाकताना पाहिलं,' हा अर्थही तितकाच बरोबर! पहिल्या अर्थात 'डक' हे नाम आहे, दुसऱ्यात क्रियापद. शब्द तेच, त्यांचा क्रमही तोच, तरी व्याकरण बदललं.

आता बाईंना विचारा, "बाई, यातलं 'डक' नाम की क्रियापद?" बाई आधी म्हणतील, "मागचं वाक्य सांग." मागे चेंडू तिच्या डोक्याकडे आला असेल, तर ती वाकली. सगळे तळ्यावर गेले असतील, तर बहुतेक बदकच. मागचं-पुढचं वाक्य, प्रसंग, बोलणारा, ऐकणारा हे सगळं मिळून होतो संदर्भ.

काळाचंही तसंच. 'दे पुट द बुक्स ऑन द टेबल.' रोज ठेवतात की काल ठेवली? सांगताच येत नाही, कारण 'पुट'चा भूतकाळही 'पुट'च! शेवटी 'एव्हरी डे' आलं तर रोज, 'येस्टरडे' आलं तर काल. 'दे'च्या जागी 'शी' घालून बघा. वर्तमानकाळात 'शी पुट्स' म्हणावं लागतं. म्हणून 'शी पुट' असेल, तर पुस्तकं आधीच ठेवून झाली आहेत. एका शब्दानं कोडं सुटलं!

संगणकांचीही इथे भंबेरी उडाली होती. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात सुसुमु कुनो आणि अँथनी ओटिंगर संगणकाकडून इंग्रजी वाक्यांची फोड करून घेत होते. 'टाइम फ्लाइज लाइक ॲन ॲरो' म्हणजे वेळ बाणासारखी भुर्रकन जाते. पण व्याकरणाच्या नियमांनी याच वाक्याच्या अनेक फोडी निघतात. एकीत 'टाइम' जातीच्या माश्यांना बाण आवडतो! नियमात सगळं बसतं. पण अशा माश्या जगात नसतात, हे संगणकाला कोण सांगणार?

म्हणून शंका विचारताना नुसता शब्द नेऊ नका, पूर्ण वाक्य न्या. त्याच्या आधी काय घडलं आणि तुम्हाला काय म्हणायचंय, तेही सांगा. 'डॉग'च्या आधी 'अ' की 'द'? गोष्टीत कुत्रा पहिल्यांदाच आला तर सहसा 'अ', पुन्हा तोच आला तर 'द'. गोष्टच सांगितली नाही, तर उत्तर कसं मिळणार?

आता तुमची पाळी. 'द चिकन इज रेडी टू ईट.' याचे दोन अर्थ शोधा. मग प्रत्येक अर्थ पक्का होईल असं आधीचं एकेक वाक्य लिहा आणि मित्राला ओळखायला सांगा: कोंबडी जेवणार आहे की ताटात आहे?