अर्धा तास आणि उरलेला आठवडा

पहाटेच्या एस.टी.ने चार वर्षांचे मूल कडेवर घेऊन एखादी आई जिल्ह्याच्या रुग्णालयात येते. भौतिकोपचार विभागाबाहेरच्या बाकावर दोन-तीन तास काढते, अर्ध्या तासाचा व्यायाम पदरात पाडून घेते आणि दुपारच्या गाडीने परतते. त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. काही महिन्यांनी तिचे येणे थांबते आणि 'पालकांची अनास्था' असा ठपका तिच्यावर ठेवला जातो. हा ठपका अन्यायाचा आहे.

मेंदूचा पक्षाघात म्हणजे पोलिओचाच भाऊ, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. पोलिओमध्ये मज्जारज्जूतील पेशी मरून स्नायू लुळे पडतात. येथे इजा मेंदूला झालेली असते, गर्भात, प्रसूतीसमयी किंवा तान्हेपणी. आणि स्नायू बहुधा लुळे न पडता ताठ होतात. पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात, टाच टेकत नाही. कठीण प्रसूती, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि हा ताठरपणा यांचा संबंध लंडनचे शल्यविशारद विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ सालीच मांडला होता. मेंदूतली इजा वाढत नाही. परंतु वाढत्या हाडांच्या बरोबरीने ताठ स्नायू वाढत नाहीत, म्हणून सांधे आखडतात, खुबाही निखळतो. बुद्धी अनेकदा शाबूत असते. जिभेचे व ओठांचे स्नायू ताब्यात नसल्याने उच्चार अडखळतात, आणि आपण त्या मुलाला मतिमंद ठरवून मोकळे होतो!

उपचार म्हणजे तज्ज्ञाने मुलाचे हातपाय ताणावेत, हलवावेत, अशीच आपली कल्पना आहे. घरी तेलाची मालिश चालते तीही त्याच श्रद्धेने. मालिशीने मूल सुखावते, चालायला शिकत नाही. ऑस्ट्रेलियातील आयोना नोवाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली या विषयावरील संशोधनाचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्याचा रोख स्पष्ट आहे : दुसऱ्याने नुसते ताणून दिल्याने फारसे साधत नाही. मुलाला जी गोष्ट करावीशी वाटते, ती त्याने स्वतः, खऱ्या जागी, पुन्हापुन्हा करावी लागते. घास तोंडापर्यंत नेणे, उंबऱ्यापर्यंत सरकत जाणे, हा त्याचा व्यायाम.

मग हिशेब करून पाहावा. आठवड्यातून दोनदा रुग्णालय गाठले तरी एक तास होतो. मूल जागे असते ते ऐंशी तास. तज्ज्ञाचे खरे काम त्या ऐंशी तासांची आखणी करून देण्याचे आहे. अर्थात 'घरचा व्यायाम' म्हणजे शासनाने हात झटकून सारे ओझे आईच्या गळ्यात घालणे नव्हे. तिला दाखवून देणारे, चुकले तर सुधारणारे, खुब्याची क्ष-किरण तपासणी वेळेवर करवून घेणारे माणूस तालुक्याला ठरलेल्या वारी भेटले पाहिजे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने बालकांची तपासणी अंगणवाडी व शाळेपर्यंत नेली खरी. त्यातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रे मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी. निदान गावात आणि उपचार एस.टी.च्या प्रवासापलीकडे, अशी ही व्यवस्था आहे.

उपचार आणि शिक्षण एका छपराखाली आणण्याचा प्रयोग मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ साली स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापून केला. अपंग हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने सहा ते अठरा वर्षांच्या अशा मुलांना शेजारच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. तेव्हा प्रश्न आता शिक्षकांच्याही दारी आला आहे. 'याला सांभाळणार कोण?' ही त्यांची अडचण खोटी नाही. साठ पोरांच्या वर्गात ती खरीच आहे. परंतु प्रत्येक उपाय खर्चाचा नसतो. पाय लोंबकळत असले की अशा मुलाची सारी शक्ती तोल सावरण्यात जाते आणि हात बाकाची कड सोडत नाही. गावच्या सुताराने पायांखाली एक फळी ठोकून दिली, दोन्ही बाजूंना टेकू दिले, तर तो हात पाटीवरच्या पेन्सिलीकडे जाऊ शकतो.