करार दोघांचा, घर तिसऱ्याचं

दादर, गिरगाव, लालबाग, परळ. मुंबईच्या या भागात मोकळी जमीन उरल्यात जमा आहे. त्यामुळे इथं विकायला निघणारं बहुतेक नवं घर एखाद्या जुन्या चाळीच्या किंवा सोसायटीच्या जागेवरच उभं राहतं. अशा प्रकल्पात मूळ करार होतो तो जुने रहिवासी किंवा जमीनमालक आणि बिल्डर यांच्यात. नवा खरेदीदार त्यात मागाहून येतो, आणि प्रकल्पाचा बराचसा खर्च निघतो मात्र त्याच्या पैशातून. हे एकदा ध्यानात घेतलं की खालचे गैरसमज कुठून येतात तेही कळतं.

गैरसमज १: पुनर्विकास वाढला की शहराच्या मध्यावर घरं स्वस्त होतील.

वस्तुस्थिती: घरांची संख्या वाढते, पण भाव उतरतीलच असं नाही. हिशेब मांडून बघू. समजा, दादरच्या एका सोसायटीत ३० सभासद आहेत. प्रत्येकाला ६५० चौरस फूट कार्पेटचं नवं घर विनामूल्य द्यायचं ठरलं, म्हणजे १९,५०० फूट गेले. त्या भूखंडावर एकूण ४०,००० फूट कार्पेट बांधता येत असेल, तर विकायला उरले २०,५००. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फुटावर असा जवळपास दोन फुटांच्या बांधकामाचा खर्च बसतो. शिवाय सभासदांना बाहेर राहण्यासाठी दरमहा ५०,००० रुपये भाडं तीन वर्षं द्यायचं म्हटलं, तर ती रक्कम ५ कोटी ४० लाखांवर जाते. म्हणजे नुसत्या भाड्यापोटी विक्रीच्या प्रत्येक फुटावर सुमारे २,६०० रुपये चढतात. त्यावर कॉर्पस (सभासदांना द्यायचा एकरकमी निधी), महापालिकेचे प्रीमियम आणि कर्जाचं व्याज वेगळं.

याचा अर्थ जुन्या रहिवाशांना फुकट मिळतंय म्हणून त्यांच्या नावानं खडे फोडावेत, असा नाही. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीतल्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचं घर द्यावंच लागतं. बीडीडी चाळीत १६० फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्या कुटुंबांना ५०० फुटांची घरं मिळत आहेत. पुनर्विकासाच्या अशा योजनांचा मूळ हेतूच तो आहे. नव्या खरेदीदारासाठी स्वस्त घर हे या योजनांचं उद्दिष्ट कधी नव्हतंच.

गैरसमज २: जुने रहिवासी आणि बिल्डर यांचं काय भांडण असेल ते त्यांचं ते बघतील. आपला करार बिल्डरशी आहे.

वस्तुस्थिती: सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. वरच्याच उदाहरणात प्रकल्प वर्षभर रखडला, तर भाड्याचा बोजा १ कोटी ८० लाखांनी वाढतो. विक्री मंदावली की बिल्डरचा हात आखडतो, आणि बऱ्याचदा पहिल्यांदा थांबतं ते सभासदांचं भाडं. मग सभासद नोटीस देतात, प्रकरण कोर्टात जातं, आणि शेवटी सोसायटी करार रद्द करून दुसरा बिल्डर आणते.

अशा वेळी पहिल्या बिल्डरकडून फ्लॅट घेतलेल्यांचं काय? अंधेरीच्या डी. एन. नगरमधल्या पुनर्विकासाच्या वादात २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयानं जी भूमिका घेतली, तिचा मथितार्थ असा की या खरेदीदारांचा करार बिल्डरशी असतो, सोसायटीशी नसतो. त्यांनी आपलं नुकसान बिल्डरकडून वसूल करावं, सोसायटीच्या जमिनीवर हक्क सांगता येणार नाही. करारनामा नोंदणीकृत असला आणि मुद्रांक शुल्क भरलेलं असलं, तरी ज्या हक्कावर तो उभा आहे तो बिल्डरचा हक्कच गेला, तर खरेदीदाराच्या हाती दावा उरतो, घर नाही.

आणखी एक गाठ असते. बऱ्याच योजनांत विक्रीच्या इमारतीची ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, जुन्या रहिवाशांची घरं पूर्ण होण्याशी बांधलेली असते. तुमचा मजला तयार असला तरी शेजारची पुनर्वसनाची इमारत अर्धवट असेल, तर ताबा अडकू शकतो.

गैरसमज ३: महारेराचा नंबर आहे म्हणजे सरकारची हमी आहे.

वस्तुस्थिती: महारेरा या राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडची नोंदणी म्हणजे माहिती उघड करण्याची सक्ती. प्रकल्प पूर्ण करून देण्याची हमी सरकार घेत नाही. मात्र रेरा कायद्यानं खरेदीदाराच्या हातात बरंच काही दिलंय. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. खरेदीदारांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून ते त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करावे लागतात. ताबा लांबला तर व्याज मागता येतं किंवा व्याजासह पैसे परत मागता येतात. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो. पण महारेराचा आदेश हाती आला, तरी बिल्डरकडे पैसाच नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसुलीची वाट बघावी लागते.

ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे. तो स्कॅन करून प्रकल्पाच्या पानावर तीन गोष्टी आधी बघा: चालू दावे, प्रकल्पावरचं कर्ज आणि पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे गेली ते.

गैरसमज ४: परवानगी आली आहे, म्हणजे काम सुरू व्हायला हरकत नाही.

वस्तुस्थिती: कुठली परवानगी, ते विचारा. आयओडी ही महापालिकेची अटींसह मिळालेली सुरुवातीची मंजुरी. तिच्या जोरावर बांधकाम करता येत नाही, त्यासाठी सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करण्याचं प्रमाणपत्र लागतं. सीसीही बहुधा आधी जोत्यापर्यंत मिळते आणि मग टप्प्याटप्प्यानं वर सरकते. ब्रोशरमध्ये ३५ मजले रंगवलेले असतात आणि सीसी १२व्या मजल्यापर्यंतचीच असते, असं होऊ शकतं. तुमचा फ्लॅट २८व्या मजल्यावर असेल, तर तो आज मंजुरीत आहे की फक्त चित्रात, हे सीसीचा कागद बघूनच कळेल.

गैरसमज ५: पुनर्विकासाला निघालेल्या इमारतीतलं जुनं घर आत्ता घ्यावं, नवं मोठं घर फुकटात पदरात पडेल.

वस्तुस्थिती: ‘पुनर्विकासाला निघालेली’ हे शब्द फार सैल वापरले जातात. सर्वसाधारण सभेत ठराव झाला, की बिल्डर निवडला, की विकास करारनामा नोंदवला, की इमारत रिकामी झाली, यातल्या एकेका पायरीत वर्षं जाऊ शकतात. मोडकळीला आलेल्या इमारतीतल्या घरावर कर्ज द्यायला बँका कां-कू करतात. पागडीची खोली असेल तर तुम्ही मालक होत नाही, भाडेकरूचा हक्क घेता, आणि त्यासाठी घरमालकाची संमती लागते. ‘वाढीव जागा’ कार्पेटच्या हिशेबात किती, हे नोंदवलेल्या करारातच बघावं. सभेत कोण काय बोललं, त्यावर विसंबू नये.

गैरसमज ६: ओसी मिळालेलं घर घेणं म्हणजे उगाच जास्त पैसे मोजणं.

वस्तुस्थिती: बांधकाम चालू असताना घेतलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो, ओसीनंतर विकल्या जाणाऱ्या घरावर लागत नाही. दोन कोटींच्या फ्लॅटवर हा फरक दहा लाखांचा. त्यात ताबा मिळेपर्यंतचं तुमचं स्वतःचं घरभाडं मिळवा, आणि मग दोन्ही भावांची तुलना करा.

गैरसमज ७: टॉवर आले की परिसर सुधारतो.

वस्तुस्थिती: एकेका भूखंडाचा पुनर्विकास झाला तर इमारत बदलते, गल्ली तीच राहते. जिथं आधी ३० कुटुंबं होती तिथं ६० येतात, प्रत्येकाकडे गाडी असते, आणि रस्ता पूर्वीइतकाच रुंद असतो. ही अडचण ओळखूनच समूह पुनर्विकासाची तरतूद आली. मुंबई शहरात त्यासाठी किमान ४,००० चौरस मीटर जागा लागते. भेंडीबाजारात साडेसोळा एकरांवर असा प्रयत्न चालू आहे. तिथं रस्ते रुंद करण्याचाही विचार आराखड्यात आहे, पण एवढ्या कुटुंबांना एकत्र आणून बांधायचं म्हणजे दशकभराहून जास्त काळ जातो.

मग अशा प्रकल्पात घर घेऊच नये का? जरूर घ्यावं. मात्र टोकन देण्याआधी आपल्या करारनाम्याच्या मसुद्याइतकाच जुन्या रहिवाशांचा विकास करारनामाही वकिलाकडून वाचून घ्यावा. तो नोंदणीकृत दस्त असतो, त्याची प्रत मिळवता येते. त्यात करार रद्द करण्याचं कलम कोणतं आहे, आणि तो रद्द झाला तर विकलेल्या फ्लॅटांबद्दल काही लिहिलंय का, ते बघावं. आणि सॅम्पल फ्लॅट बघून झाला की सोसायटीच्या दोन-तीन जुन्या सभासदांना गाठून एकच प्रश्न विचारावा: ‘तुमचं भाडं कुठल्या महिन्यापर्यंतचं जमा झालंय?’ बिल्डरच्या तब्येतीचा याहून ताजा रिपोर्ट कुठल्याच ब्रोशरमध्ये छापलेला नसतो.