बाजेखालचा कुत्रा

2021 च्या डिसेंबरात बीड जिल्ह्याचं नाव एका विलक्षण बातमीमुळे देशभर गाजलं. माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावात वानरं कुत्र्यांची पिलं उचलून झाडांवर आणि घरांच्या छतांवर नेत होती. बातमी गावाबाहेर पडली तशी तिला कथा चिकटत गेली. कुत्र्यांनी वानराचं पिलू मारलं होतं, त्याचा हा सूड, अडीचशे पिलं मारली, टोळीयुद्ध पेटलंय. नागपूरहून वनखात्याचं पथक आलं, दोन वानरं पकडून नेली. वर नेलेल्या पिलांना खाली उतरता येत नव्हतं, ती उपाशी राहून किंवा पडून मरत होती, इतकी साधी आणि करुण गोष्ट होती ती. सुडाची कथा प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासकांना पटली नाही. लोकांना मात्र तीच आवडली.

जनावराच्या वागण्याला आपल्या मनातली गोष्ट जोडायची ही खोड लवूळपुरती नाही. याच जिल्ह्यातल्या परळी वैजनाथमध्ये स्टेशनच्या मागून, वीटभट्टीच्या कडेवरून किंवा थर्मल वीज केंद्राच्या वसाहतीतून कुणी एखादं कुत्रं घरी आणतं. ते बाजेखाली शिरतं आणि चार दिवस बाहेर येत नाही. रात्री सगळे झोपले की वाटीतलं खातं, दाराची कडी वाजली की भिंतीला चिकटतं. मग शेजारपाजारचे सल्ले सुरू होतात. सगळे मायेपोटीच दिलेले असतात आणि त्यातले बरेचसे चुकीचे असतात.

पहिलं वाक्य ठरलेलं: “याला आधी कुणीतरी लई मारलेलं असणार.” असेलही. पण दर भित्र्या कुत्र्यामागे मारहाण असतेच असं नाही. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या संशोधकांनी अमेरिकेतल्या बार हार्बर इथे वर्षानुवर्षं पिलांच्या वाढीचा अभ्यास केला. वयाच्या साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत पिलाच्या मनाची दारं उघडी असतात, असं त्यातून दिसलं. याच काळात ते माणूस, आवाज, वास, गाडी, पायऱ्या यांना ‘आपल्या जगातलं’ म्हणून स्वीकारतं. तिथलाच एक प्रयोग 1961 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. कुंपण घातलेल्या शेतात पिलं माणसाच्या सहवासाशिवाय वाढवली होती. काहींना मधल्या वेगवेगळ्या आठवड्यांत थोडा सहवास दिला, काहींना चौदाव्या आठवड्यापर्यंत अजिबात नाही. या शेवटच्यांवर कुणी हात उगारला नव्हता, त्यांना कुणी उपाशी ठेवलं नव्हतं. तरी ती रानटी जनावरासारखी बिचकत राहिली.

मराठवाड्यात याचा एक वेगळा पदर आहे. आपल्याकडची मोकाट कुत्री बहुतेक करून हिवाळ्याच्या आगेमागे वितात. नेमकं तेव्हाच बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला गेलेली असतात, वस्त्या अर्ध्या ओस असतात. अशा वस्तीवर वाढलेल्या पिलाला माणूस दिसतो तो लांबून, ओझरता. मार्चमध्ये ते कुणी घरी आणलं तर त्याच्या भीतीचं कारण शोधायला क्रूर मालक कल्पायची गरज नाही. हा फरक कामाचा आहे. मार खाल्लेल्या कुत्र्याची जुनी आठवण पुसायची असते. ज्यानं जग पाहिलेलंच नाही, त्याची जगाशी ओळखच पहिल्यापासून करून द्यावी लागते, आणि तिला वेळ लागतो.

दुसरा सल्ला जास्त घातक: “गर्दीत फिरवा, भीड मोडेल.” परळीत गर्दीला तोटा नाही. महाशिवरात्रीच्या यात्रेत वैद्यनाथाच्या दर्शनाला रांगा लागतात, श्रावणी सोमवारी तसंच, आणि एरवीही राखेचे टिप्पर व इंजिनांचे भोंगे असतातच. भित्र्या कुत्र्याला साखळी लावून त्यातून ओढत नेलं की काय होतं?

याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी एका पुरानं दिलं. सप्टेंबर 1924 मध्ये लेनिनग्राडला नेवा नदीचं पाणी शहरात घुसलं. इव्हान पावलोव्हच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यात अडकली. पाणी छतापर्यंत चढत होतं आणि पिंजऱ्याची दारं खाली होती, त्यामुळे सेवकांना प्रत्येक कुत्र्याचं डोकं पाण्याखाली दाबून त्याला बाहेर काढावं लागलं. कुत्री वाचली. पण त्यातल्या काहींचं महिनोन्‌महिने शिकवलेलं सगळं पुसलं गेलं. सावरलेल्या एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून नुसती पाण्याची धार सोडली, तर ते पुन्हा कोलमडलं. ज्या गोष्टीची भीती, तिच्यातच बुडवून काढायचं आणि पळायला वाट ठेवायची नाही, असं केल्यानं धीर येत नाही.

“पण आमचा तर शांत झाला की यात्रेत, जागचा हलला नाही,” असं कुणी सांगतं. तो शांतपणा नीट पाहायला हवा. भीती टोकाला गेली की कुत्रा गोठतो. अंग ताठ, तोंड घट्ट मिटलेलं, कान मागे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, पुढे केलेला चिकनचा तुकडाही तो हुंगत नाही. एरवी त्या तुकड्यासाठी जीव टाकणारा कुत्रा खात नसेल, तर तो अजिबात शांत नाही.

या गोठण्यामागचं शास्त्र मोठं विलक्षण आहे. 1967 मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कुत्र्यांवर प्रयोग केले. आज ते वाचतानाही त्रास होतो. काही कुत्र्यांना विजेचे धक्के दिले आणि ते थांबवण्याचा कुठलाच मार्ग ठेवला नाही. पुढे त्यांना अशा जागी ठेवलं, जिथे एक अडसर ओलांडला की सुटका होती. बहुतेकांनी उडीच मारली नाही, ती पडून राहिली. कुत्री ‘हतबलता शिकली’, असा निष्कर्ष निघाला आणि तो पाठ्यपुस्तकांत गेला. जवळजवळ पन्नास वर्षांनी, 2016 मध्ये, त्याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपलंच म्हणणं उलटवलं. दीर्घ संकटात निपचित पडणं ही मेंदूची मुळातली प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकली जाते ती उलट गोष्ट: ‘मी काही केलं तर फरक पडतो’ ही.

भित्र्या कुत्र्याला देण्यासारखी नेमकी हीच गोष्ट आहे. आणि ती ओढून, दटावून देता येत नाही.

व्यवहारात ती फार छोट्या कृतींतून जाते. घरात एक कोपरा कुत्र्याचा, तिथे पोतं किंवा जुनी गोधडी, आणि तो तिथे असताना कुणीही हात घालायचा नाही, लेकरांनी तर नाहीच. माणसानं समोर उभं राहून टक लावू नये; तिरकं, जमिनीवर बसावं, हातात पुस्तक किंवा निवडायची भाजी घ्यावी. मधूनच उकडलेल्या अंड्याचा तुकडा टाकावा, तोही कुत्र्याच्या मागच्या बाजूला. इथे बहुतेकांची गफलत होते. खाऊ हातावर ठेवून “ये, ये” म्हटलं की भुकेपोटी तो जवळ येतो, खातो, आणि खाऊन झाल्यावर दचकून पाहतो तर माणूस वीतभर अंतरावर! मागे टाकलेल्या तुकड्यासाठी त्याला माणसापासून दूर जावं लागतं. दूर जाता येतं हे कळलं की तो आपणहून पुन्हा पुढे येतो. नामदेवांची कथा महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले. त्या करुणेला तोड नाही, पण घरच्या भित्र्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊनसुद्धा धावू नये. वाटी ठेवावी आणि चार पावलं मागे सरावं.

स्पर्शाचंही तसंच. तीन सेकंद मानेच्या बाजूला किंवा छातीला हळू खाजवावं आणि हात काढून घ्यावा. त्यानं अंग पुढे केलं तर पुन्हा. ओठ चाटले, जांभई दिली, मान वळवली, तर आजपुरतं पुरे.

जवळ घेण्याबद्दलही एक गैरसमज आहे. भेदरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीतीचे लाड होतात, ती वाढते, असं चांगले जाणते लोकही सांगतात. बक्षिसानं कृती वाढते, हे खरं. बस म्हटल्यावर बसला, तुकडा दिला, पुढच्या वेळी लवकर बसेल. पण भीती ही कृती नाही, भावना आहे. फटाक्यांच्या आवाजानं थरथरणारं कुत्रं मांडीपाशी येऊन दडलं आणि कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवला, म्हणून फटाका जास्त भयंकर होत नाही. बर्न विद्यापीठातल्या स्टेफनी रीमर यांनी बाराशेहून जास्त कुत्रेमालकांची पाहणी करून 2020 मध्ये निष्कर्ष मांडले. फटाका वाजल्याबरोबर खाऊ देणं किंवा खेळ सुरू करणं याचा उपयोग झाल्याचं, हा उपाय करणाऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितलं. क्रम मात्र पाळायला हवा: आधी आवाज, लगेच मागून खाऊ. उलटं केलं तर खाऊच धोक्याची खूण बनतो.

घरात हा प्रयोग कुकरवर करता येतो. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला 45,000 च्या आसपास. आपल्याला सवयीची झालेली शिट्टी त्याच्या कानी किती तीव्र पोचत असेल! कुत्रा दूरच्या खोलीत असताना शिट्टी झाली की एक तुकडा, प्रत्येक शिट्टीला एक. काही दिवसांनी तो शिट्टी ऐकून पळण्याऐवजी माणसाच्या तोंडाकडे पाहू लागतो. इंजिनाचा भोंगा कमी करता येत नाही, पण रुळापासूनचं अंतर वाढवता येतं. दिवाळीची तयारी फटाक्यांच्या रेकॉर्डिंगवर, अगदी बारीक आवाजात, दोन-तीन महिने आधीपासून करता येते.

“मालक कोण ते एकदा दाखवून द्यावं लागतं” या समजुतीचा उगम लांडग्यांत आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये बंदिवासातल्या लांडग्यांच्या भांडणांवर लिहिलं. डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकामुळे ‘अल्फा’ हा शब्द घरोघरी गेला. पुढे मेक यांनीच मोकळ्या रानात लांडगे पाहिले आणि 1999 मध्ये लिहिलं की कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची लेकरं. तिथे सत्तेसाठी झटापट नसते. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा, असा आग्रह त्यांनी प्रकाशकाकडे धरला होता. भेदरलेल्या कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरणारे अजूनही त्या पुस्तकाच्या सावलीत आहेत.

गुरगुरण्यावर मार देणं ही तर थेट धोक्याची गोष्ट. गुरगुर म्हणजे ‘मागे सर’ ही शेवटच्या काही सूचनांपैकी एक. ती मारून बंद केली की कुत्रा पुढच्या वेळी सूचना न देता चावतो, आणि लोक म्हणतात, “काही नसताना चावला.” चावलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कुत्रा घरचा असला तरी. नव्या कुत्र्याचं रेबीजचं लसीकरण पहिल्या दिवसांतच उरकावं.

आणि शेपूट घालून कोपऱ्यात बसणं म्हणजे ‘चूक कबूल’ नव्हे. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये दाखवलं की तो अपराधी चेहरा मालकाच्या रागावण्यामुळे येतो; कुत्र्यानं खरंच खाऊ चोरला होता की नाही, याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

“गावठी कुत्री माणसाळत नाहीत, पाळायची तर जातिवंत आणा” हेही परळीत ऐकू येतं. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि देबोत्तम भट्टाचार्य यांच्या चमूनं रस्त्यावरच्या कुत्र्यांवरच काम केलं. 2017 च्या त्यांच्या अभ्यासात, अनोळखी माणसाची पुन्हा पुन्हा गाठ पडल्यावर विश्वास वाढला तो खाऊपेक्षा कुरवाळण्यानं. 2020 च्या अभ्यासात बोटानं दाखवलेलं भांडं ओळखायचं होतं. सुमारे निम्मी कुत्री जवळच आली नाहीत. जी आली, त्यांतल्या जवळपास ऐंशी टक्क्यांनी इशारा बरोबर ओळखला. त्यांना कुणी काही शिकवलेलं नव्हतं. जी आली नाहीत, ती बहुधा माणसांचा वाईट अनुभव घेतलेली असावीत, असा संशोधकांचा कयास आहे.

काही वेळा मात्र माया, खाऊ, कोपरा सगळं करूनही कुत्रा महिनोन्‌महिने थरथरत राहतो. तेव्हा पशुवैद्यकाला दाखवायलाच हवं. कानातला ठणका, दुखरा सांधा, पूर्वी मोडलेलं हाड यांनीही कुत्रा बिचकतो. भीती कमी करणारी औषधं आहेत, ती वजन पाहून डॉक्टरनंच द्यायची. घरातली माणसांची झोपेची गोळी कधीही नाही. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, परभणी आणि उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, आणि 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं परळीतही असं महाविद्यालय उभारायला मान्यता दिली.

अमेरिकेतल्या एएसपीसीए या संस्थेनं अतिशय भित्र्या कुत्र्यांसाठीच एक केंद्र चालवलं. तिथे उपचार घेतलेल्या 441 कुत्र्यांपैकी 380 दत्तक देण्याइतकी सावरली. तिथला एक उपाय गावाकडेही सहज जमेल: भित्र्यासोबत एक धीट, शांत कुत्रा ठेवायचा. माणसाजवळ जाऊन अंग घासणाऱ्या त्या सोबत्याकडे पाहून भित्र्या कुत्र्याला जे उमजतं, ते माणसाला त्याला सांगता येत नाही.

उरलेली 61 कुत्री तिथेही पुरेशी सावरली नाहीत. परळीच्या आसपास अशा कुत्र्याला गावाबाहेरचं शेत, रोजची तीच दोन माणसं आणि आखाड्यावरचा एक म्हातारा कुत्रा एवढं जग पुरतं. पाहुणे आले की तो ज्वारीत शिरेल, त्याला हाका मारू नयेत. मोटारसायकलचा आवाज लांब गेला की तो आपला परत येईल आणि त्याच्या भांड्यात भाकरी असली पाहिजे.