जळगावची खोली, बुसानची खोली

पहाटेच्या गाडीने जळगाव स्थानकावर उतरणाऱ्या प्रवाशांत पाठीवर पिशवी अडकवलेले काही परदेशी चेहरे अधूनमधून दिसतात. त्यांना अजिंठ्याला जायचे असते. लेणी येथून सुमारे ६० किलोमीटर दूर. सकाळी निघून संध्याकाळी परतता येते. त्यामुळे त्यांची गरज मोठी नसते. आंघोळीला गरम पाणी, स्वच्छ चादर, सामान ठेवायला कुलूप आणि पोटाला चालेल असे अन्न, एवढे मिळाले की ते समाधानी असतात. स्थानकासमोरच्या साध्या लॉजमध्ये त्यांची सोय कधी होते, कधी होत नाही.

याच सुमारास जळगाव किंवा धुळ्याचे एखादे कुटुंब दक्षिण कोरियाच्या प्रवासाची आखणी करीत असते. मुलगा तिकडे शिकायला असतो, किंवा धंद्याच्या निमित्ताने बुसान बंदरापर्यंत जाणे घडते. विमानाच्या तिकिटातच बराच पैसा गेलेला असतो. म्हणून मुक्काम स्वस्तात व्हावा, ही अपेक्षा रास्त ठरते. घरात चौविहार पाळणारी आई असेल तर प्रश्न केवळ भाड्याचा राहत नाही. मासळीच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या त्या शहरात तिचा नियम कसा टिकायचा, ही खरी चिंता असते.

जळगावला आलेला यात्री आणि बुसानला गेलेला यात्री यांच्या अडचणी शेजारी ठेवून पाहिल्या, तर त्या आश्चर्य वाटावे इतक्या सारख्या निघतात.

वाटेवरचा खानदेश

मुक्कामाला जागा देणे हे खानदेशाचे जुने काम आहे. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात. मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग आणि सुरतेकडून येणारा लोहमार्ग जळगावात मिळतात. वाटा जेथे मिळतात तेथे माणूस थांबतो, आणि माणूस थांबला की सराई, धर्मशाळा, खाणावळ यांची सोय आपोआप उभी राहते. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याची नजर अजिंठ्याच्या लेण्यांवर पडली आणि १९८३ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात स्थान दिले. तेव्हापासून जळगावच्या वाटेला जगभराचा यात्री लागला आहे. त्यात जपान, कोरिया, थायलंड, श्रीलंका या देशांतील बौद्ध भाविकही असतात.

समाजाच्या धर्मशाळांची परंपरा याच वाटांवर वाढली. साक्री तालुक्यातील बळसाणे येथील विमलनाथ तीर्थाला जाणारा भाविक हॉटेलचा विचार करीत नाही. तीर्थाच्या ठिकाणी खोली मिळेल, भोजनशाळेत सूर्यास्तापूर्वी पान वाढले जाईल आणि प्यायला उकळलेले पाणी असेल, हे त्याने गृहीत धरलेले असते. धर्मशाळेचे भाडे कमी असते हे खरे. परंतु तिचे खरे मोल या गृहीत धरलेल्या गोष्टींत आहे.

सरकारनेही या भेदाची काही प्रमाणात दखल घेतली आहे. १८ जुलै २०२२ पासून दिवसाला एक हजार रुपयांपर्यंतच्या हॉटेल-खोल्यांवरही वस्तू व सेवा कर लागू झाला. तो आधी १२ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोल्यांसाठी तो ५ टक्क्यांवर आला. मात्र नोंदणीकृत धार्मिक वा धर्मादाय न्यासाच्या, धर्मस्थळाच्या आवारातील, एक हजारापेक्षा कमी भाड्याच्या खोलीला या करातून सूट आहे. १८६७ च्या सराई कायद्याने तर सराई चालवणाऱ्याची कर्तव्येच सांगितली होती. जागा झाडून स्वच्छ ठेवणे, पहारेकरी नेमणे आणि भाड्याचा तक्ता दर्शनी भागी लावणे ही त्यांतली काही. दीडशे वर्षांनंतरही स्वस्त मुक्कामाची कसोटी याहून फारशी वेगळी नाही.

रजिस्टरातील एक ओळ

मग अजिंठ्याला निघालेल्या कोरियन यात्रेकरूला काही ठिकाणी ‘खोली नाही’ असे उत्तर का मिळते? पुष्कळदा खोली रिकामी असते. अडचण कागदाची असते. परदेशी नागरिकाला मुक्कामाला ठेवल्यास त्याची माहिती चोवीस तासांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याकडे पाठवणे मालकावर बंधनकारक आहे. ‘सी फॉर्म’ या नावाने ही नोंद ओळखली जाते. ती आता संगणकावरून करता येते. पारपत्र आणि व्हिसा समोर ठेवले की काम होते. परंतु दहा-बारा खोल्यांच्या लॉजचा व्यवस्थापक ही जबाबदारी नको म्हणून पाहुण्यालाच नकार देतो. पहाटे पाच वाजता दोन-तीन दारांवरून परतलेला यात्री मात्र हे कारण जाणत नाही. आपला चेहरा पाहून दार मिटले, एवढेच त्याच्या मनात राहते.

दुसरी अडचण पानावर येते. शेवभाजी, वांग्याचे भरीत, ठेचा ही खानदेशाची ओळख. आणि या साऱ्यांत लसूण आणि कांदा सढळ हाताने पडतो. कोरियातील बौद्ध भिक्षू, भिक्षुणी आणि त्यांच्या शिस्तीने चालणारे उपासक मांसाहार तर टाळतातच, शिवाय पाच उग्र पदार्थही वर्ज्य मानतात. या पाचांना तेथे ‘ओशिन्चे’ म्हणतात. लसूण, पातीचा कांदा, रानलसणाच्या जातीची पाने आणि चाइव्ह म्हणून ओळखली जाणारी पात ही त्यांतील चार. पाचवा पदार्थ ऐकून आपल्याकडच्या गृहिणीला नवल वाटेल. तो आहे हिंग! आपण कांदा-लसणाची उणीव ज्या हिंगाने भरून काढतो, तोच त्यांच्या यादीत निषिद्ध आहे.

अशा यात्रेकरूला स्थानकासमोरच्या ढाब्यावर खाण्यासारखे फार थोडे सापडते. भोजनशाळेच्या पंगतीत मात्र त्याचे निम्म्याहून अधिक पान आपोआप शुद्ध असते. वरणाची फोडणी हिंगाविना दिली की झाले.

समुद्राकाठचे शहर

आता दुसऱ्या बाजूने पाहू. बुसान हे दक्षिण कोरियातील दुसऱ्या क्रमांकाचे शहर आणि देशातील सर्वांत मोठे बंदर. १८७६ च्या तहानंतर ते परदेशी व्यापाराला खुले झाले. १९५० साली युद्ध पेटले तेव्हा लाखो निर्वासित येथे आश्रयाला आले आणि युद्धाच्या बहुतेक काळात हीच देशाची तात्पुरती राजधानी होती. त्या युद्धात जखमींच्या शुश्रूषेसाठी गेलेले भारतीय लष्कराचे ६० वे पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स पथक १९५० च्या नोव्हेंबरात याच बंदरात उतरले होते. शस्त्र चालवण्यासाठी नव्हे, मलमपट्टीसाठी आलेल्या त्या भारतीयांची आठवण कोरियात आजही आदराने काढली जाते.

सोलहून वेगवान रेल्वेने सुमारे अडीच-तीन तासांत बुसान येते. स्वस्त मुक्कामाचे पर्याय स्थानकाच्या परिसरात, जुन्या बाजारपेठेच्या नाम्पो भागात आणि मेट्रोचे मार्ग मिळतात त्या सोम्यन भागात सापडतात. जुन्या पद्धतीच्या साध्या निवासाला तेथे ‘योग्वान’ म्हणतात. त्याखेरीज गेस्टहाउस आणि मोटेल असतात. तेथील मोटेल शहराच्या मध्यवस्तीतही असते आणि काही मोटेलांत खोल्या तासांच्या हिशेबानेही दिल्या जातात; म्हणून कुटुंबासह जाणाऱ्यांनी गेस्टहाउस किंवा नेहमीचे छोटे हॉटेल निवडणे श्रेयस्कर. शनिवारी आणि उन्हाळी सुट्टीत समुद्रकिनाऱ्याजवळचे दर चढतात. मेट्रोने जरा आत राहिले तर तीच सोय कमी पैशांत होते.

खोलीत शिरताना पादत्राणे दाराशीच काढावी लागतात. खानदेशी माणसाला हा नियम शिकवावा लागत नाही. पारंपरिक खोलीत पलंग नसतो. जमिनीवर गादी अंथरायची आणि सकाळी घडी करून ठेवायची. या जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या गेलेल्या असतात. ‘ओन्दोल’ नावाच्या या व्यवस्थेमुळे कडाक्याच्या थंडीतही फरशी उबदार राहते. ज्यांना गुडघ्यांमुळे जमिनीवरून उठणे जड जाते, त्यांनी आरक्षण करतानाच पलंगाची खोली मागावी. विजेचा दाब आपल्यासारखाच २२० व्होल्ट आहे, पण भोके दोन गोल पिनांची. आपली तीन पिनांची किटली तेथे ॲडॅप्टरशिवाय चालत नाही. २०२४ च्या मार्चअखेरपासून पन्नास वा अधिक खोल्यांच्या निवासांना एकदा वापरून टाकायचे ब्रश, वस्तरे यांसारख्या वस्तू फुकट देण्यास मनाई झाली आहे. त्यामुळे अशा वस्तू घरूनच न्याव्यात.

चौविहाराचा हिशेब

अन्नाबाबत बुसानमध्ये डोळे उघडे ठेवावे लागतात. भाजीची दिसणारी रश्शाची वाटी बहुधा सुक्या मासळीच्या पाण्यावर शिजलेली असते. कोबीच्या किमचीत लसूण तर असतोच, शिवाय मुरवलेली कोळंबी किंवा मासळीही असते. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, कारण मासळीला तेथे बरेच लोक मांसात धरत नाहीत. ‘मांस, मासळी, अंडे, लसूण, कांदा नको’ असे कोरियन लिपीत लिहिलेले कार्ड जवळ ठेवणे हा साधा आणि खात्रीचा उपाय होय. शिजवलेला साधा भात, फळे आणि दूध किराणा दुकानांत सहज मिळते. घरून खाखरे, मेथीचे ठेपले, भाजलेले पीठ, मूगडाळ न्यावी. ताजी फळे आणि बियाणे मात्र नेऊ नयेत, विमानतळावर ती अडवली जातात.

सूर्यास्ताची वेळ निघण्यापूर्वीच टिपून ठेवावी. डिसेंबरात बुसानला सूर्य सव्वापाचच्या सुमारासच मावळतो. जूनमध्ये पावणेआठच्या सुमारास. हिवाळ्यात गेलेल्या कुटुंबाने दुपारी साडेचारला मुक्कामी परतण्याचा बेत ठेवला, तर चौविहाराची धांदल होत नाही.

आणि एक दिवस गुमजोंग डोंगराच्या उतारावरील बोमोसा मठासाठी राखावा. इ. स. ६७८ मध्ये उइसांग या भिक्षूने स्थापन केलेला हा मठ मेट्रोच्या पहिल्या मार्गावरून गाठता येतो. २००२ पासून कोरियातील अनेक मठांनी पाहुण्यांना मुक्कामाला ठेवण्याची प्रथा सुरू केली. बोमोसाही त्यांपैकी एक. तेथे जेवण भिक्षूंच्या नियमाने बनते. मासळी नाही, लसूण नाही, कांदा नाही. मात्र मठाच्या स्वयंपाकात कमळकाकडी, मुळा, बटाटा आणि आळिंबी चालते. जमीकंद वर्ज्य करणाऱ्यांनी ते आधीच विचारून बाजूला ठेवावे. रात्रीचे जेवण लवकर, साधारण पाच-साडेपाचला असते; म्हणून हिवाळ्यात तेवढी वेळ सांभाळावी लागते.

धुतलेले भांडे

मठातील पारंपरिक जेवणात प्रत्येकापुढे चार वाडगे असतात. हवे तेवढेच वाढून घ्यायचे, कण उरू द्यायचा नाही, आणि शेवटी वाडग्यात पाणी घेऊन तो धुवायचा व ते पाणी प्यायचे. आयंबिलाच्या पंगतीत थाळी धुऊन पिणाऱ्या आजीला हे दृश्य पाहून दुभाष्याची गरज पडणार नाही. भाषा, धर्म आणि देश वेगळे असूनही अन्नाचा मान राखण्याची रीत तीच आहे.

हीच ओळख उलट दिशेने जळगावातही घडू शकते. काही धर्मशाळा समाजबांधवांसाठी राखीव असतात. तो निर्णय त्यांच्या विश्वस्तांचा. परंतु ज्यांची दारे सर्वांना उघडी आहेत, त्यांनी परदेशी पाहुण्याची नोंद करण्याची पद्धत एखाद्या तरुण कार्यकर्त्याला शिकवून ठेवली, भाड्याचा आणि भोजनाच्या वेळांचा फलक इंग्रजीतही लावला, आणि अजिंठा सोमवारी बंद असतो ही सूचना त्याखाली लिहिली, तर खर्च जवळजवळ शून्य आहे. छोट्या लॉजच्या मालकांनाही हे अवघड नाही. ज्याला नोंद करता येत नाही त्याने निदान जेथे सोय होईल तेथला पत्ता हातात द्यावा.

बुसानच्या एखाद्या छोट्या खोलीत आपली आई सूर्यास्तापूर्वी निश्चिंत मनाने भात खाऊन उबदार फरशीवर झोपावी, असे प्रत्येक घराला वाटते. तिच्यासाठी तेथल्या कोणा अनोळखी माणसाने मासळीचा रस्सा बाजूला सारून साधी वाटी पुढे ठेवलेली असते. पहाटे पाच वाजता जळगावच्या दारावर उभी असलेली बाईही कोणाची तरी आई असते. तिच्यासाठी फोडणीतला लसूण आणि हिंग एक दिवस वगळता आला, तर ती वाटी परत केल्यासारखे होईल.